घरच्या धान्याची साठवण

खळे उठले आणि धान्य घरात आले म्हणजे वर्षाची बेगमी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु घरात आलेल्या धान्याला ओल, कीड आणि उंदीर हे तीन शत्रू असतात. त्यांपैकी ओल ही मुख्य होय. कारण कीड व बुरशी यांची वाढ ओलसर धान्यातच झपाट्याने होते.

धान्याचा दाणा सजीव आहे. तो श्वासोच्छ्वास करतो व त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. दाणा ओला असल्यास ही क्रिया वाढून धान्य तापते, त्याला कुबट वास येतो व बुरशी धरते. म्हणून ज्वारी, गहू यांसारख्या तृणधान्यांत ओलाव्याचे प्रमाण शेकडा १२ व कडधान्यांत शेकडा १० पेक्षा अधिक नसावे. दाताखाली दाणा कट् आवाज करून फुटला, तर तो वाळला असे समजावे. दुसरी परीक्षाही सोपी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चिमूटभर कोरडे मीठ घालून ती चांगली हलवावी. मीठ बाटलीच्या आतील बाजूस चिकटल्यास धान्य ओले आहे, असे जाणून त्यास पुन्हा ऊन द्यावे. उन्हातील गरम धान्य तसेच कोठीत भरू नये. ते सावलीत निवू द्यावे, नाहीतर कोठीच्या आत पाणी सुटते.

बुरशी लागलेले धान्य केवळ बेचव होते असे नाही. १९७४ साली गुजरात व राजस्थानमधील काही आदिवासी गावांत असा मका खाण्यात आल्याने यकृताचा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पावसात भिजलेली कणसे नीट न वाळविता साठविली गेली होती. बुरशीचे हे विष शिजविल्याने किंवा भाजल्याने नाहीसे होत नाही. याकरिता काळे पडलेले वा बुरसलेले मक्याचे व भुईमुगाचे दाणे निवडून टाकून द्यावेत. ते जनावरांनाही घालू नयेत.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व ते भोक बुजवून टाकते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारे धान्यही आतून पोखरलेले असते. कडधान्यांवरील भुंगेरा तर पुष्कळदा शेतातील शेंगांवरूनच घरात येतो. दाण्यांवर पांढरे ठिपके दिसल्यास ती त्याची अंडी होत. तूर, मूग, चवळी खाण्यासाठी ठेवावयाची असल्यास एक किलोस सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल सर्व दाण्यांना सारखे चोळावे. डाळ करून ठेवल्यास भुंगेऱ्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

कणगी व कोठी भरण्यापूर्वी झाडून, फटी लिंपून घ्याव्यात. जुनी पोती उलटी करून कडक उन्हात वाळवावीत. पोती जमिनीवर न टेकविता फळ्यांवर व भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत. जुन्या धान्यात नवे धान्य मिसळू नये. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी उंदरांपासून धान्याचे सर्वांत चांगले रक्षण करते.

दोन बाबतींत मात्र जिवाचा धोका आहे. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू अत्यंत विषारी असून, राहत्या घरात त्या वापरल्याने झोपेतच माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या घरी कदापि आणू नयेत. तसेच पेवात साठविलेल्या धान्याच्या श्वासोच्छ्वासामुळे तेथील प्राणवायू संपतो व कर्बवायू साचतो. पेव उघडल्यावर ते पुष्कळ वेळ उघडे ठेवावे. मग दोरीला बांधून पेटता कंदील तळापर्यंत सोडावा. तो विझल्यास कोणीही आत उतरू नये. विझला नाही तरी कमरेला दोर बांधून, वर दोन माणसे उभी असतानाच उतरावे. आतील माणूस कोसळल्यास त्याच्या मागोमाग उडी न घेता दोराने त्यास वर ओढावे. पेवातील ओलसर उबेमुळे बियाण्याची उगवणशक्ती कमी होते, म्हणून बियाणे तेथे ठेवू नये.

साठविलेले धान्य पावसाळ्यात दर पंधरवड्यास, उघडीप असताना, हात घालून पाहावे. ते गरम लागल्यास त्याच दिवशी बाहेर काढून पसरावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मीठ-बाटलीची परीक्षा सुगीच्या वेळी खळ्यावरच करून दाखविल्यास तिचा उपयोग घरोघरी होईल.