मीटर गोड बोलतो, पाणी खरे बोलते



गेल्या उन्हाळ्यात येडशी गटातील एका सभासदाच्या घरी लग्न होते. मांडव मोठा, जेवण झकास आणि पाण्याला थंड जार. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातली बरीच माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. आचारी बिचारा शिव्या खाऊन गेला. पाण्यावर कोणी संशय घेतला नाही, कारण पाणी ‘फिल्टरचे’ होते! नेमके कशाने झाले ते शेवटपर्यंत कळले नाही. पाण्याचा नमुना कोणी ठेवलाच नव्हता.

आपल्या कारखान्यात गाळप सुरू झाले की प्रयोगशाळेत रसाचे नमुने दिवसरात्र तपासले जातात. उतारा थोडा घसरला तरी सभासद गट ऑफिसला येऊन जाब विचारतात, आणि विचारावाच. मग जे पाणी आपली लेकरे पितात, त्याचा जाब का विचारू नये?

2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, ती आपल्या येडशी स्टेशनावरूनच. त्यानंतर आपल्या भागात जारचे प्लँट बघता बघता वाढले. धंदा वाईट नाही. गावातल्या पोरांना काम मिळते आणि आयाबायांची हंड्यासाठी वणवण वाचते. पण प्लँटवाल्याला पाण्याविषयी विचारा, तो खिशातून पेनासारखा मीटर काढतो, ग्लासात बुडवतो आणि म्हणतो, “बघा साहेब, एक नंबर पाणी हाय.”

हा मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस्स. जंतू त्याला दिसत नाहीत. गटारीचा थेंब पडलेले पाणीसुद्धा मीटरवर झकास ठरू शकते. शिवाय मीटरवरचा आकडा जितका कमी तितके पाणी चांगले, हीही गैरसमजूतच. बाटलीबंद पाण्यात लिटरला किमान 75 आणि जास्तीत जास्त 500 मिलिग्रॅम क्षार असावेत, असा नियम आहे. जंतूंच्या बाबतीत तर नियम कडक आहे. 250 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये. ही तपासणी प्रयोगशाळेतच होते. जंतू वाढवून पाहावे लागतात, म्हणून तिला एक-दोन दिवस लागतात. ग्लासात काही बुडवून ती होत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 29 मार्च 2001 पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय मार्क सक्तीचा होता. फेब्रुवारी 2003 मध्ये दिल्लीच्या एका संस्थेने नामांकित कंपन्यांच्या बाटल्यांतही कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. देशभर गाजावाजा झाला आणि 1 जानेवारी 2004 पासून कीटकनाशकांची मर्यादा फार कडक झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मार्कची सक्ती काढली गेली. म्हणून रान मोकळे झाले, असे कोणी समजू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतोच, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हे पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांत घातले गेले. त्यामुळे आता दरवर्षी तपासणी आणि बाहेरच्या संस्थेकडून परीक्षण बंधनकारक आहे. बाटली घेताना सील, 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख पाहावी. लग्नातला थंड जार बहुधा सीलबंदच नसतो. ना नंबर, ना तारीख. बाटलीबंद पाण्याच्या नियमातून निसटायची तीच तर वाट आहे. जार आतून धुतला कधी आणि कशाने, हे तर देवाला ठाऊक.

आता आपल्या अंगावर येणारी गोष्ट. मी शेतकी पदविकेचा माणूस, पाण्याचा तज्ज्ञ नव्हे. पण नायट्रेट कुठून येते हे मला कळते. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, तीही चार हप्त्यांत. आपल्यापैकी कित्येकजण दोन हप्त्यांत युरिया ओतून मोकळे होतात आणि वरून पाटपाणी सोडतात. पिकाला लागते तेवढे पीक घेते, उरलेल्यातला बराचसा भाग पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेट होऊन विहिरीत, बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याहून जास्त झाले तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका असतो. अंग निळे पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढते. आरओ यंत्राने ते कमी होते, मात्र पडदा जुना झाला की तेही भरवशाचे राहत नाही.

याच गटातील एक सभासद शेतातल्या बोअरवर मुलाला प्लँट टाकून देणार होते. कर्जाचे कागदही तयार झाले होते. मी म्हटले, अण्णा, आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना दिला. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने विसळून भरला. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणली आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवली. जंतूंचा अहवाल ठीक आला. नायट्रेट मात्र 45 च्या वर निघाले.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माझाच युरिया मला प्यायला आला की ओ.” कर्ज त्यांनी तूर्त थांबवले आहे. युरिया बेताने घातला तर पाणी कधी सुधारेल, असे त्यांनी मला विचारले. वर्ष सांगता येणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. यंदाच्या सुरू लागवडीला मात्र त्यांनी माती परीक्षण करून चार हप्ते ठरवले आहेत आणि दर सहा महिन्यांनी त्याच बोअरचा नमुना देणार आहेत. ज्या सभासदांना आपल्या बोअरचा नमुना द्यायचा असेल, त्यांनी येडशी गट ऑफिसमध्ये चिटबॉयकडे नाव नोंदवावे. नमुना कसा भरायचा ते मी स्वतः येऊन दाखवीन.

— ऊस विकास अधिकारी