कार्यशाळेत बोलायचे कोणी?

शहापूर-मुरबाड तालुक्यांत एप्रिल उजाडला की जयंतीबरोबर कार्यशाळांचेही पेव फुटते. वनहक्क कार्यशाळा, अ‍ॅट्रॉसिटी कायदा जनजागृती शिबिर, पेसा प्रशिक्षण! बॅनर लागतो, मंडप पडतो. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतात. हारतुरे, शाल, मग एकामागून एक मार्गदर्शन. पाड्यावरचे आदिवासी आणि बौद्धवाड्यातल्या आयाबहिणी मुकाट ऐकतात. शेवटी सूत्रसंचालक माईकवरून विचारतो, "कुणाला काही शंका?" कुणीच बोलत नाही. आभार, जेवण, आणि दुसऱ्या दिवशी बातमी : कार्यशाळा उत्साहात संपन्न. आमचे स्पष्ट मत आहे की ही कार्यशाळा नव्हे. ही सभा झाली, तीही एकतर्फी.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. बिघडते ते पुढे ग्रामसभेत. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे ग्रामसभेचा ठराव म्हणजे नुसता कागद नाही. जंगल, जमीन, पाणी त्यावर अवलंबून असते. मुरबाडच्या काळू धरणाचे काम २०११ मध्ये वनखात्याची मंजुरी मिळण्याआधीच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटना हायकोर्टात गेली आणि २०१२ मध्ये ते काम थांबले. अशा लढ्यात ग्रामसभेचे रजिस्टर हाच मोठा पुरावा असतो. पण ज्या माणसाला आपणच कार्यशाळेत गप्प बसायची सवय लावली, तो ग्रामसभेत उठून "मला हे मान्य नाही" म्हणेल कसा? तिथेही तो गप्प बसतो, हजेरीच्या रकान्यात अंगठा देतो, आणि वरच्या कोऱ्या जागेत काय लिहिले गेले ते त्याला वर्षभराने कळते.

मौन म्हणजे संमती, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. भिक्खू संघातही मौन संमतीच मानत. मात्र कधी? महत्त्वाच्या कामात आधी 'ञत्ति' म्हणजे प्रस्ताव संघापुढे ठेवायचा. नंतर तीन वेळा पुकारायचे की ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. तिसऱ्या वेळेनंतरचे मौन तेवढे संमती. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मतदान. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे या देशाला नवे नाही, हे त्यांनी ठासून सांगितले. आपण मात्र एकदाच, तेही जेवणाची पाने मांडलेली असताना विचारतो.

डिसेंबर १९२७ मधली महाडची परिषद आठवा. कोर्टाचा मनाईहुकूम आला होता. सत्याग्रह करायचा की थांबायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी परिषदेपुढे ठेवला. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली, सत्याग्रहींची नावे लिहून घेतली, ती ३,८८४ भरली. ज्यांचा एक शब्द समाजाने झेलला असता, त्यांनीही आधी लोकांना बोलू दिले. आपल्या तालुका पातळीवरच्या 'मार्गदर्शकांना' मात्र माईक सोडवत नाही!

मग बैठक घ्यायची कशी? आधी वेळ बघा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलमध्ये कातकरवाडीत म्हातारीकोतारी आणि पोरेच असतात, मग कार्यशाळा कुणासाठी? भट्टीवर जाऊन बैठक घ्यावी तर मुकादम उभा; त्याच्यादेखत उचलीचा हिशेब कोण काढणार? आवणीच्या दिवसांत तर कुणी येणारच नाही.

नंतर बैठक. स्टेज नको, खुर्च्या नकोत. सगळे एकाच पातळीवर, गोल करून बसावे. सात-आठ जणांचे गट करावेत, बायकांचा गट सुरुवातीला वेगळा. सरपंच-पोलीस पाटील असले तर त्यांना शेवटी बोलू द्यावे, कारण ते आधी बोलले की बाकीच्यांची तोंडे मिटतात. आणि हे आपल्यालाही लागू आहे. बौद्ध कार्यकर्ता चार बुके शिकलेला, म्हणून तोच बोलत राहतो. ठाकर मान डोलावतो आणि कातकरी दाराशी बसतो. ही उतरंड आपल्याच बैठकीत आहे, ती आपणच मोडली पाहिजे.

'सामूहिक वनहक्क' या शब्दाने सुरुवात केली तर शांतता पसरते. त्याऐवजी अंगणात राखेने ओढा काढा, दगड ठेवून घरे दाखवा आणि विचारा, सरपण कुठून आणता, गुरे कुठे चारता? मग म्हातारी माणसेसुद्धा पुढे सरकून "इथं नाय, तिथं" म्हणत दगड हलवू लागतात. शहापूरकडच्या एका ठाकरवाडीत आम्ही बायकांच्या गटाला तीनदा विचारले. तिसऱ्या खेपेस एक बाई म्हणाली, "प्लॉट त्याच्या नावावर, मग मी कोण?" वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे पती-पत्नी दोघांच्या नावे हक्क नोंदवायचा असतो. त्या प्रश्नानंतर हे कलम समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली.

अ‍ॅट्रॉसिटीच्या बैठकीचे पथ्य आणखी कडक. अन्याय करणारा आणि रोजगार देणारा पुष्कळदा एकच असतो. गावच्या चौकात माईकवर कुणी त्याचे नाव घेणार नाही. अशी बैठक विहारात, मोजक्या माणसांत व्हावी. १९९५ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण क्षेत्रात जाणीव-जागृती केंद्रे आणि कार्यशाळा घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते करून घ्यावे, पण बैठक चालवायला आपली माणसे असावीत.

राहिला कागद. वनहक्काच्या ग्रामसभेला २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला लागतात. हे डोकी मोजून बघावे. ठराव मोठ्याने वाचावा, ठाकरी-कातकरी बोलीत सांगावा, तीन वेळा विचारावे, विरोध असेल तोही लिहावा, आणि मगच सही-अंगठा घ्यावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत भट्टीवरचे लोक परतलेले असतात, आवणीही उरकत आलेली असते. त्याआधी प्रत्येक पाड्यावर अशी एक बैठक घ्या, आणि ग्रामसभा सुरू होताच पहिली मागणी करा : रजिस्टर उघडा, मागच्या सभेचे ठराव वाचून दाखवा.