ज्ञाता कोण? : ‘दि इनर लाइट’ या गीताच्या घडणीचा भाषिक विचार

१९६५ नंतरच्या तीन-चार वर्षांत इंग्लंडमधील रॉक संगीत केवळ नृत्याची साथ करणारे राहिले नाही. काव्य, धर्मग्रंथ व परदेशी संगीतपद्धती यांतून त्याने सामग्री घेतली आणि पुढे ज्यास ‘आर्ट रॉक’ ही संज्ञा मिळाली त्या प्रवाहाचा पाया घातला गेला. बीटल्स या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांचे १९६८ मधील ‘दि इनर लाइट’ हे गीत त्याच काळातील होय. सुमारे अडीच मिनिटांच्या या गीताचा आशय ‘ताओ ते चिंग’ या चिनी ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणातून आला आहे. प्रस्तुत टिपणात त्याच्या घडणीकडे एकाच दृष्टीने पाहावयाचे आहे : ज्ञानाविषयी विधान करताना ज्ञाता म्हणून कोणास उभे करावयाचे?

१. गीताचा उगम

१९६७ च्या शरद ऋतूत हॅरिसन व जॉन लेनन यांनी ध्यानमार्गाविषयी दूरचित्रवाणीवर चर्चा केली. केंब्रिज येथे संस्कृतचे अध्यापन करणारे ह्वान मास्कारो यांनी त्यानंतर हॅरिसन यांना पत्र लिहिले. मास्कारो मूळचे मायोर्का बेटावरील. त्यांची भगवद्गीता (१९६२) व निवडक उपनिषदे (१९६५) यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध आहेत. ‘लॅम्प्स ऑफ फायर’ (१९५८) हे नाना धर्मांतील वचनांचे आपले संकलन त्यांनी हॅरिसन यांना पाठविले आणि त्यातील ताओच्या वचनांना चाल लावावी असे सुचविले. गीताचे शीर्षकही त्या संकलनातीलच होय.

२. तीन अवस्था

मूळ प्रकरणाचा आशय थोडक्यात असा : जगाचे व स्वर्गाचे ज्ञान होण्यास घराबाहेर पडण्याची आवश्यकता नाही, प्रवास जितका लांबचा तितके ज्ञान उणे. अभिजात चिनी भाषेत क्रियापदास पुरुषवाचक प्रत्यय नसतो व कर्ता सहज अध्याहृत राहतो. त्यामुळे आरंभीची विधाने कोणा एकाची नाहीत. शेवटी मात्र कर्ता येतो आणि तो म्हणजे ज्ञानी पुरुष. न जाता, न पाहता, न करता सिद्धी पावणारा तो आहे.

इंग्रजीत अशा विधानास कर्ता द्यावाच लागतो. मास्कारो यांनी तेथे प्रथम पुरुष योजिला. आता ही निवड केवळ व्याकरणाची राहत नाही. ‘मी जाणतो’ असे म्हणताच वचनाला साक्षात्काराच्या दाव्याचे रूप येते. संकलनाच्या पानावर हा ‘मी’ प्राचीन ग्रंथकाराचा वाटतो. लोकप्रिय गायकाच्या मुखी आला की तो गायकाचाच होतो.

हॅरिसन यांना ही अडचण जाणवली होती. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी खुलासा केला आहे की गैरसमज टळावा व गीताची लांबीही थोडी वाढावी म्हणून त्यांनी तेच कडवे पुन्हा घेतले आणि दुसऱ्या वेळी ते द्वितीय पुरुषात घातले. अशा रीतीने पहिल्या कडव्यात ‘मी’, दुसऱ्यात ‘तू’, तर प्रवासाविषयीच्या विधानात कोणासही लागू पडणारे अनिश्चित सर्वनाम आहे. शेवटच्या भागात याहून सूक्ष्म बदल आढळतो. ज्ञानी पुरुषाचा उल्लेख गळला आहे आणि त्याबरोबर तृतीयपुरुषी एकवचनी प्रत्ययही. इंग्रजीत असे उघडे क्रियापद आज्ञार्थी ठरते. मुळात जे सिद्धाचे वर्णन होते ते येथे श्रोत्यास केलेला उपदेश बनले.

३. ध्वनिमुद्रण

वाद्यसंगीत १९६८ च्या जानेवारीत मुंबईतील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणालयात मुद्रित झाले. हॅरिसन तेथे ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी आले होते. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. सरोद व हार्मोनियम ही वाद्येही गीतात आहेत. पाश्चात्त्य वाद्य एकही नाही. दोन मार्गिकांवर मुद्रण करणारे यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने आणविले होते. गायन फेब्रुवारीत लंडनमध्ये झाले आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस हे गीत प्रकाशित झाले.

रचनेत वाद्यखंड चपळ आणि गायन संथ आहे. प्रवास व स्थैर्य यांचा विरोध कानालाही जाणवतो. शिवाय एकट्याच्या स्वरात चाललेल्या या गीतास अगदी शेवटी लेनन व पॉल मॅकार्टनी यांचे स्वर येऊन मिळतात. शब्दांतील ‘मी’ जेथे लोपतो तेथेच एकट्याचा आवाजही एकटा उरत नाही.

४. मराठीच्या संदर्भात

हे वचन मराठीत आणावयाचे झाल्यास काय होईल? ‘मी जाणतो’ या रचनेत ज्ञाता कर्ता असतो, ‘मला कळते’ यात तो चतुर्थीत जातो, आणि ‘घरी बसूनही गावाच्या बातम्या कळतात’ यात तो दिसतच नाही. क्रियापद बातम्यांशी जुळते. म्हणजे आरंभीच्या विधानांसाठी मराठीस ‘मी’ वा ‘तू’ यांची गरज नाही. या बाबतीत ती इंग्रजीपेक्षा चिनीस जवळची ठरते.

खरी कसोटी शेवटी लागते. ‘करणे’ हे क्रियापद कर्ता मागते. त्याऐवजी ‘घडणे’ योजावे तर कर्ता पुसला जातो खरा, परंतु करण्यातील न करणे हा विरोधाभासही नाहीसा होतो. अशा ठिकाणी ‘करावे’, ‘पाहावे’ हे विध्यर्थी रूप उपयोगी पडावे. त्यात पुरुष बोलून दाखविला जात नाही, तरी उपदेश पोहोचतो. संतवाङ्मयाने या रूपाचा विपुल उपयोग केला आहे. मात्र त्यामुळे मुळातील सिद्धाचे वर्णन साधकाच्या आचारात रूपांतरित होते, हेही मान्य केले पाहिजे.

तात्पर्य, आध्यात्मिक वचनाच्या भाषांतरात सर्वनाम हा गौण घटक नव्हे. ज्ञान कोणाचे, हा प्रश्न मूळ ग्रंथाने खुला ठेवलेला असतो. लक्ष्य भाषेचे व्याकरण तो भाषांतरकाराकडून सोडवून घेते. हॅरिसन यांनी एकच उत्तर न देता क्रमाने अनेक उत्तरे दिली आणि त्या क्रमातून गीताची रचना उभी राहिली. मराठीतील उपनिषदांची व गीतेची भाषांतरे याच दृष्टीने तपासून पाहिली, तर अभ्यासकांच्या हाती बरेच काही लागेल.