लग्नाचे आमंत्रण आणि लग्नाचे वस्त्र

पंगतीत बसलेल्या माणसाला पानावरून उठविणे, यासारखा दुसरा अपमान आपल्याकडे नाही. आगंतुक जरी येऊन बसला तरी यजमान त्याला वाढतो. म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानातील २२ व्या अध्यायाचा दृष्टांत वाचताना मराठी वाचक थबकतो. एक राजा मुलाच्या लग्नाची मेजवानी देतो. ज्यांना बोलावले ते येत नाहीत. मग तो रस्त्यांवर चाकर पाठवितो आणि भलेबुरे जे भेटतील त्यांना आणून मांडव भरतो. आणि अशा आयत्या वेळी आणलेल्यांपैकी एकाला, अंगावर लग्नाचे वस्त्र नाही म्हणून, हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकतो! यात न्याय तो कोणता? हा प्रश्न आम्हांसही पडला होता. त्याचे उत्तर या एका गोष्टीत मिळत नाही. त्यासाठी लग्नाच्या जेवणाची ही प्रतिमा आली कोठून, ते पाहिले पाहिजे.

येशूच्या काळी यहुदी समाजात लग्नाचे दोन टप्पे असत. पहिला वाग्दानाचा. पण आपला वाङ्निश्चय मोडता येतो, तसा तो सहजासहजी मोडता येत नसे. कायद्याने ती पत्नीच, आणि सोडायची तर सूटपत्र द्यावे लागे. मरीया आणि योसेफ यांची कथा याच टप्प्यात घडते. वर तिला घरी नेई तो दुसरा टप्पा, आणि मेजवानी त्या वेळची. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात वधूला तयारीसाठी १२ महिने द्यावेत असे सांगितले आहे. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य स्वतःला याच मधल्या काळात उभा मानतो. शब्द दिला गेला आहे, वर अजून यायचा आहे. दहा कुमारींच्या दृष्टांतात तो मध्यरात्री येतो, आणि पाचजणींच्या दिव्यांत तेल उरलेले नसते.

प्रतिमा त्याहूनही जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ८ व्या शतकातील होशेय या संदेष्ट्याने परमेश्वराला पती आणि इस्राएलाला पत्नी म्हटले, तेही बहकलेली पत्नी. यशयाच्या ग्रंथात परमेश्वर डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी पक्वान्नांची मेजवानी मांडतो. तेव्हा तुझे शिष्य उपास का करीत नाहीत, असे विचारल्यावर, वर सोबत असता वऱ्हाड्यांनी उपास कसा करावा, या आशयाचे उत्तर येशू देतो, त्यातला दावा ऐकणाऱ्यांना जाणवल्यावाचून राहिला नसेल. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याचे पहिले चिन्हच गालीलातील काना गावच्या लग्नघरात घडते. द्राक्षारस संपला, लग्नघरी याहून नामुष्की ती कोणती? शुद्धीच्या पाण्याचे सहा दगडी रांजण तेथे होते. आजच्या मापाने सुमारे ५०० ते ७०० लिटर पाणी! या औदार्याची गंमत अशी की भोजनकारभाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. तो नवऱ्या मुलाची तारीफ करीत बसतो.

आता त्या वस्त्राकडे वळू. आमंत्रण दोनदा जाई, हे आधी लक्षात घ्यावे. अक्षत देऊन गेल्यावरही पाने मांडली की आपल्याकडे पुन्हा बोलावणे येते, तसेच. लूकाच्या शुभवर्तमानात अशाच एका मेजवानीचे दुसरे बोलावणे आल्यावर एकाने शेत घेतलेले असते, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याने नुकतीच बायको केलेली असते. यातले एकही काम वाईट नाही, आणि बोच तीच आहे. तालमुदात रब्बी योहानान बेन झक्काई यांच्या नावे एक कथा येते. राजाने मेजवानीला बोलावले, वेळ मात्र सांगितली नाही. शहाणे नटून दाराशी बसले, मूर्ख आपल्या कामाला गेले. अकस्मात हाक आली तेव्हा ते मळक्या कपड्यांनीच आत शिरले.

ही कथा शेजारी ठेवली की मत्तयाचा राजा कमी लहरी वाटू लागतो. वस्त्रे राजाच देत असे, असा खुलासा पुष्कळदा ऐकू येतो. दृष्टांतात मात्र तसा शब्द नाही. संत ऑगस्टीन यांनी वस्त्राचा अर्थ प्रीती असा केला. आम्हांस अधिक जवळचे वाटते ते प्रकटीकरणाच्या १९ व्या अध्यायातले. तेथे कोकऱ्याच्या लग्नात वधूला तलम, शुभ्र वस्त्र नेसावयास दिले जाते, आणि ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतीची कृत्ये, असेही लगेच सांगितले जाते. दिलेलेही तेच आणि कमावलेलेही तेच. आमंत्रणाला पात्रता लागत नाही, पण आत आल्यावर होते तसेच राहणे चालत नाही. (याच दृष्टांतातील जाळलेल्या नगराचा आधार घेऊन पुढे यहुद्यांना नाकारलेले ठरविण्यात आले, ही दुःखाची गोष्ट. सांगणारा आणि प्रथम ऐकणारे यहुदीच होते.)

हे वस्त्र व्यवहारात कसे दिसते, ते इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सापडते. तेथे प्रभुभोजनासाठी लोक जमत, पण आधी येणारे आपापले खाऊनपिऊन तृप्त होत आणि मागून येणारा गरीब उपाशी राही. आपण ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतो, तोच हा. पौल त्यांना परोपरीने खडसावतो, आणि शेवटी सांगतो ते इतकेच, की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.