विस्मृतीच्या घरात यंत्राची सोबत

सील हा जलचर आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. उत्तरेकडील बर्फाळ समुद्र हे त्याचे घर. पिल्लू पांढऱ्याशुभ्र लवीचे, टपोऱ्या काळ्या डोळ्यांचे. माणसाला सोबत करील असा यंत्रप्राणी घडविताना जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी नेमके याच पिल्लाचे रूप निवडले, त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. १९९३ साली सुरू झालेल्या या संशोधनात मांजराचाही प्रयोग झाला होता. परंतु मांजर सर्वांच्या परिचयाचे. यंत्राचे मांजर हाती येताच माणूस त्याची खऱ्याशी तुलना करू लागे आणि त्याचा विरस होई. सीलची तुलना कोण कशाशी करणार?

या यंत्रप्राण्याचे नाव 'पारो'. जपानमध्ये तो २००५ साली विक्रीस आला; अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. वजन सुमारे पावणेतीन किलो, म्हणजे जवळजवळ तान्ह्या मुलाइतके. स्पर्श, प्रकाश, आवाज आणि उष्णता यांची जाणीव करून देणारी साधने त्याच्या लवीखाली दडलेली आहेत. कुरवाळले की तो डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवितो, आपण ठेवलेले नावही हळूहळू ओळखू लागतो. त्याला बोलता मात्र येत नाही. या उणिवेकडे पुढे वळू.

ही सोबत ज्यांना विशेष उपयोगी पडते, ते स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होत. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती या विकाराने ग्रस्त आहेत. तो बरा करणारे औषध अद्याप नाही. दिवे लागणीची वेळ झाली की आजी स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचं आहे" असा धोशा लावतात, उत्तर दिले तरी पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारतात आणि समजूत घालणाऱ्या सुनेवरच चिडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रुग्णांच्या शुश्रूषेचे सत्तर टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. आपल्या घरांचा अनुभव काही वेगळा नाही.

पूर्वी या शुश्रूषेत गावाचाही वाटा असे. म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याने निघाले की येलवाल लागते. सप्टेंबर १९५७ मध्ये येथे विनोबांच्या उपस्थितीत ग्रामदान परिषद भरली होती आणि पंडित नेहरूंपासून नंबूद्रीपादांपर्यंत भिन्न मतांचे नेते एकत्र बसले होते. सारे गाव एक कुटुंब मानावे, ही त्या चळवळीमागची कल्पना. जमिनीच्या बाबतीत तिचे काय झाले हा इतिहासाचा विषय. परंतु वाट चुकलेल्या आजोबांना कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडी, पारावर त्यांची तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकून घेई, एवढ्यापुरते गाव खरोखरच कुटुंब असे. शहर जवळ सरकले, मुले नोकरीसाठी दूर गेली, शेजारच्या घराला कुलूप लागले, की ही मदत नकळत नाहीशी होते. यंत्रप्राण्याकडे मुलाची किंवा सुनेची जागा घेणारा म्हणून पाहण्याऐवजी या हरवलेल्या शेजाऱ्याचा बदली म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

तो ही बदली कितपत निभावतो? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील २८ शुश्रूषागृहांत ४१५ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काहींना चालू पारो दिला, काहींना यंत्र बंद केलेला तोच पारो, म्हणजे केवळ मऊ खेळणे, आणि उरलेल्यांची नेहमीचीच व्यवस्था ठेवली. आठवड्यातून तीन वेळा, पंधरा मिनिटे, दहा आठवडे. चालू पारोशी रुग्ण अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा त्यांची प्रसन्नता वाढली आणि अस्वस्थता उणावली. मात्र अस्वस्थता मोजण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीत तिन्ही गटांत फरक दिसला नाही. आणि बंद खेळण्यानेही काही अंशी काम केले! नॉर्वेतील दहा शुश्रूषागृहांत रुग्णांना लहान गटांत बसवून मधोमध पारो ठेवला होता. तेथे प्रयोग संपल्यावर तीन महिन्यांनीही अस्वस्थता व खिन्नता यांत फरक टिकून होता. पिल्लू एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जाते आणि त्या निमित्ताने माणसे एकमेकांशी बोलू लागतात, ही गोष्ट आम्हांला आकड्यांहून मोलाची वाटते.

आता न बोलण्याविषयी. पाश्चात्य देशांत बोलके सोबतीही निघाले आहेत. न्यूयॉर्क राज्याने २०२२ पासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना असे यंत्र पुरविण्यास आरंभ केला. परंतु स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि बाळपणीची मागे उरते. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरातील आजी शेवटी आपल्या माहेरच्या मराठीत बोलू लागल्या, तर इंग्रजी बोलणारे यंत्र त्यांना काय सांगणार? मुका पारो येथे वरचढ ठरतो. वाणीच जड होऊ लागली असेल, तर म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतील अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेत तपासणी करून घेता येते; १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था येलवालच्या कुटुंबास दूर नाही.

पारोची किंमत काही हजार डॉलर आहे, म्हणजे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. तेव्हा आधी मऊ कापडी बाहुली किंवा मांजर देऊन पाहावे. ती जबरीने मांडीवर ठेवू नये. समोर ठेवून वाट पाहावी. कित्येकांना हा पोरखेळ वाटतो व अपमानही वाटतो. तसे दिसताच वस्तू निमूटपणे उचलावी. "हे खरं आहे का?" असे विचारले, तर खरे तेच सांगावे. पण आजीच म्हणाल्या, "हळू बोला, पिल्लू झोपलंय," तर आवाज खाली आणावा आणि तेवढ्या वेळात चहा टाकून घ्यावा.