डावा गुडघा आणि गाडीचा क्लच

“डॉक्टरसाहेब, गिअरची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक?” साठीकडे झुकलेले रुग्ण गुडघ्यावरून हात फिरवत विचारतात. माझा उलट प्रश्न असतो, “दुखतो कोणता गुडघा?”

क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो. गोंदियाच्या बाजारातील गर्दीत तर तो पुनःपुन्हा दाबावा लागतो. सांधा झिजलेला असेल तर दुखणे वाढते. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते, डाव्या पायाला विश्रांती मिळते. २०१४ साली आलेल्या मारुतीच्या सेलेरिओपासून ही सोय छोट्या गाड्यांतही कमी खर्चात मिळू लागली.

मात्र उजवा गुडघा दुखत असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबायचे असतात. मधुमेहाने तळपाय बधिर झाला असेल, तर पाय कोणत्या पेडलवर आहे हेच कळत नाही. अशांनी आधी तपासणी करून घ्यावी, तोवर कोणतीच गाडी चालवू नये.

ऑटोमॅटिक घेतल्यावर डावा पाय बाजूलाच ठेवावा. सवयीने क्लच समजून ब्रेक जोरात दाबला जातो. म्हणून सुरुवातीला मोकळ्या मैदानात सराव करावा.

आणि वाचकहो, क्लचचे काम गाडी करील, पण मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आपणच करायचा आहे!