घाटातले बँकर इंजिन आणि कर्करोगाची पेशी

कर्करोगावर बोलायला डॉक्टर हवा; कामगार चळवळीतला माणूस कशाला, अशी शंका काहींना येईल. ती रास्त आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु सभासद भगिनींच्या हाती तपासणीचा कागद येतो, तो वाचून दाखवण्याची पाळी आमच्यावर वारंवार येते. स्तनाच्या गाठीच्या त्या कागदावर ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तेवढा आज सांगावयाचा आहे.

स्त्रीच्या बीजकोशात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. ते रक्तातून सर्वत्र हिंडते. पण त्याला ओळखणारे प्रथिन ज्या पेशीत असेल तेथेच त्याचा हुकूम चालतो. ह्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. ‘ईआर’ म्हणजे हा इस्ट्रोजेनचा ग्राही. बीजकोश काढल्यावर स्तनाचा कर्करोग ओसरल्याचे बीटसन ह्या स्कॉटिश शल्यवैद्याने १८९६ साली नोंदवले, तेव्हा ग्राही कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचा माग शिकागोत जेन्सन ह्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढला. आपल्याकडे पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरके ह्यांचे नाते तपासले. त्यांचे नाव आपल्या मुलींना ठाऊक नसावे, ही आमच्या मते लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता दुसरे पात्र. इटलीतील रितोसा हे फळमाश्यांवर काम करीत असता कोणा सहकाऱ्याने पेटीचे तापमान वाढवले, आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. पुढे कळले, की चटका बसताच पेशी काही खास प्रथिने भराभर तयार करते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो ना, तशी पेशीतली इतर प्रथिने उष्णतेने बिघडून एकमेकांत गुंततात; ही उष्माघात-प्रथिने त्यांना सावरतात. आणि चटका नसतानाही त्यांना काम असतेच.

ते काम लोणावळेकरांना चटकन समजेल. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात, घाट चढवून देतात आणि येथे सुटतात. ‘एचएसपी ९०’ नावाचे उष्माघात-प्रथिन ग्राहीला असेच सांभाळते. इस्ट्रोजेन येईतो त्याला नीट आकारात धरून ठेवते. ते आले की सुटते. मग ग्राही जोडीने जनुकांवर जाऊन बसतात आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. पण बँकरला डब्यातल्या मालाशी कर्तव्य नसते! कर्करोगाच्या पेशीत प्राणवायूची टंचाई आणि बिघडलेल्या प्रथिनांची गर्दी असते. एरवी ती मरायची, पण हे मदतनीस तिलाही तगवतात. कामगार प्रामाणिक, धंदा खोटा, असा हा प्रकार.

मग मदतनीसच का अडवू नये? प्रयोगशाळेत तसे केले, की ग्राही मोडून पडतो. परंतु हाच मदतनीस प्रत्येक निरोगी पेशीतही राबत असतो, म्हणून ह्या औषधांनी इतर अवयवांनाही इजा होते. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांतल्या एकालाही अद्याप मान्यता नाही.

तोवर ग्राहीलाच गाठावे लागते. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसते आणि हुकूम सुटत नाही. ‘ईआर पॉझिटिव्ह’ बाईने ती पाच वर्षे घेतल्यास ह्या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते. ‘निगेटिव्ह’ असल्यास तिचा उपयोग नाही; म्हणून गाठीच्या तुकड्याची ही तपासणी झालीच पाहिजे. गोळी महाग नाही. पण बरे वाटू लागले की बायका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती सोडतात, कारण परळच्या रुग्णालयात जायचे म्हणजे रोज बुडतो. कामगार राज्य विमा योजनेत अशा आजाराला दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. गोळी मात्र पाच वर्षांची, कधी दहा. पुढच्या वर्षांत तपासणीच्या दिवशी भरपगारी रजा मिळावी, ही मागणी आम्ही म्हणूनच धरून बसलो आहोत.